पिशवीचं ऑपरेशन : आधी ‘कशासाठी’, मग ‘कुठून’

‘सिस्टर, पिशवी काढायला सांगितलीय. दुर्बिणीतून करू, का पोट उघडून?’

तीस वर्षं मी ऑपरेशन थिएटरमध्ये काढली, आधी धुळ्याला, मग जळगावला. हा प्रश्न थिएटरच्या दारात मला क्वचितच कुणी विचारला. बायका तो विचारतात हळदीच्या मांडवात, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला माहेरी आल्यावर, एसटीत शेजारी जागा मिळाल्यावर. दवाखान्यात पोहोचेपर्यंत तारीख ठरलेली असते, अ‍ॅडव्हान्स भरलेला असतो आणि सोबत आलेल्या सासूबाई म्हणत असतात, ‘काढी टाक वो माय, कटकट मिटी जाई.’

ज्या घरात हा विषय पहिल्यांदाच निघालाय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. निर्णय तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा. पण त्या खुर्चीत बसून काय विचारायचं, हे मी अनेकींना शिकवलंय, ते इथे क्रमाने सांगते.

पायरी पहिली : नक्की काय काढणार आहेत?

आपण पिशवी म्हणतो ते गर्भाशय. निरोगी बाईचं मुठीएवढं असतं. त्याचं खालचं टोक म्हणजे गर्भाशयाचं मुख, ते योनीत उतरलेलं असतं. वरच्या दोन कोपऱ्यांतून दोन नळ्या निघतात आणि नळ्यांच्या टोकांजवळ दोन अंडाशय असतात. ‘पिशवी काढली’ म्हटलं की यातलं काय गेलं आणि काय राहिलं ते कळत नाही. कुणाचं मुख ठेवून फक्त वरचा भाग काढतात, बहुतेकींचं मुखासकट काढतात, कुणाच्या नळ्या आणि अंडाशयही जातात. कॅन्सर असेल तर आजूबाजूचा भागही काढावा लागतो. डॉक्टरांना कागदावर चित्र काढायला सांगा आणि काय काढणार त्यावर पेनाने खूण करून घ्या. चांगले डॉक्टर आनंदाने करतात.

पायरी दुसरी : कशासाठी?

ही पायरी गाळून कुणी पुढे जाऊ नये. कुठून काढायची यावर दोन तास बोलणाऱ्या घरात ‘का काढायची’ यावर दोन मिनिटंही बोलणं झालेलं नसतं, हे मी फार वेळा पाहिलंय.

खरी कारणं आहेत. औषधाला दाद न देणारा भयंकर रक्तस्राव, मोठ्या किंवा खूप गाठी म्हणजे फायब्रॉइड, पिशवीच्या भिंतीत पाळीचं अस्तर शिरून होणारा अ‍ॅडिनोमायोसिस, अंग बाहेर येणं म्हणजे पिशवी खाली सरकून बाहेर येणं, कॅन्सर किंवा त्याच्या आधीच्या पायऱ्या. यात ऑपरेशनने बाईला नवा जन्म मिळतो. महिन्यातले दहा दिवस रक्तात जाणाऱ्या, हिमोग्लोबिन सहावर आलेल्या बाया वर्षभराने भेटतात तेव्हा त्यांचे चेहरे ओळखू येत नाहीत, इतक्या तरतरीत झालेल्या असतात.

आणि काही कारणं कारणंच नसतात. अंगावर पांढरं जाणं हे पिशवी काढायचं कारण नाही, त्यावर बहुतेक वेळा गोळ्यांचा कोर्स असतो. ‘पिशवीच्या तोंडाला जखम आहे’, ‘पिशवीला सूज आहे’ एवढ्यावर ऑपरेशन होत नाही. सोनोग्राफीत ‘बल्की’ लिहून आलं म्हणजे पिशवी थोडी जाड आहे इतकंच, चार बाळंतपणं झालेल्या बाईची असायचीच. ‘पुढे कॅन्सर होईल’ या भीतीपोटी तर अजिबात नाही. त्या भीतीवर गर्भाशयमुखाच्या पॅप स्मिअर, व्हीआयए, एचपीव्ही अशा साध्या तपासण्या आहेत.

यावल तालुक्यातली एक चौतीस वर्षांची बाई आठवते. पांढरं जातं, कंबर दुखते. एका खासगी ठिकाणी तिला पिशवी काढायला सांगितलं होतं आणि नवऱ्याने त्यासाठी म्हैस विकायला काढली होती. आमच्याकडच्या मॅडमनी तपासलं, दोघा नवरा-बायकोला गोळ्या दिल्या, तिची रक्तवाढीची औषधं सुरू केली. दोन आठवड्यांत पांढरं थांबलं. म्हैस दावणीलाच राहिली.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या, ते २०१९ साली सगळ्या राज्याने वाचलं. आपल्या चाळीसगावकडून, नंदुरबारकडूनही टोळ्या ऊसतोडीला जातात. पाळीचे चार दिवस खाडा नको म्हणून पिशवी काढण्याचा सल्ला कुणी देत असेल, तर तो वैद्यकीय सल्ला नाही. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गरज नसताना होणारी ही ऑपरेशनं रोखण्यासाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला राज्यांना सांगितलं. वय चाळिशीच्या आत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्याच. शक्यतो अशा डॉक्टरांचं, ज्यांच्या दवाखान्यात ते ऑपरेशन होणार नाही.

दुसऱ्या मताला जाताना सोबत हे असू द्या : सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, थायरॉइड, पॅप स्मिअर. पंचेचाळिशीनंतर पाळीत बिघाड असेल तर पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासलेला रिपोर्टही हवा. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी ही तपासणी टाळू नका.

आधी काय करून पाहिलं, हेही विचारलं जाईल. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, हार्मोनच्या गोळ्या, तांबीसारखी दिसणारी हार्मोनची टी (मिरेना हे नाव तुम्ही ऐकलं असेल), फक्त गाठी काढणं, अंग बाहेर येत असेल तर आत बसवायची रिंग आणि ओटीपोटाचे व्यायाम. हार्मोनची टी एकदा बसवली की पाच वर्षं काम करते आणि ती बसवल्यावर कितीतरी जणींचं ऑपरेशन टळतं. आपल्याकडे ती फार कमी सुचवली जाते, याचं मला वाईट वाटतं.

पायरी तिसरी : कुठून?

कारण पक्कं झालं, ऑपरेशन लागणारच, असं ठरलं की मग मार्ग. एक घोळ आधी सोडवू. ‘बिनटाक्याचं’ हा शब्द आपल्याकडे दुर्बिणीलाही वापरतात आणि खालून केलेल्या ऑपरेशनलाही. दोन्ही वेगळी आहेत. म्हणून ‘बिनटाक्याचं’ ऐकलं की लगेच विचारा, ‘खालून, का दुर्बिणीतून?’

खालून म्हणजे योनीमार्गातून. पोटावर एकही छेद नाही. कमरेतून भूल देऊन होतं, बाई जागी असते, वेदना नसतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जाता येतं. महागडी यंत्रं लागत नाहीत, म्हणून खर्चही कमी. जगभरातल्या अभ्यासांचा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांच्या मोठ्या संघटनांचा कौल असा, की साध्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या आजारात जिथे शक्य असेल तिथे हाच मार्ग पहिला. मी थिएटरमध्ये उभं राहून जे पाहिलं, तेही हेच सांगतं. खालून केलेली बाई संध्याकाळी चहा मागते.

गावात समज असा, की अंग बाहेर आलं असेल तरच खालून होतं. तसं नाही. अंग बाहेर न आलेल्या बाईचंही खालून करता येतं, डॉक्टर त्याला ‘नॉन-डिसेंट’ म्हणतात. त्याला हात तयार लागतो, आणि तो शिकलेले डॉक्टर सगळीकडे नसतात. आधी सिझर झालं असेल तरी खालचा मार्ग बंदच, असंही नाही, मात्र मूत्राशय चिकटलेलं असू शकतं म्हणून जपून करावं लागतं. अडतं ते इथे : पिशवी फार मोठी, वाट अरुंद, आत चिकटलेलं, अंडाशयावर संशयास्पद गाठ. खालून करताना पोटात वर काय चाललंय ते डोळ्यांनी दिसत नाही, ही या मार्गाची मर्यादा.

दुर्बिणीने करताना पोटावर अर्धा ते एक सेंटिमीटरची तीन-चार भोकं पाडतात, पोटात गॅस भरून ते फुगवतात, कॅमेरा आत घालून पडद्यावर बघत काम करतात. सुटी केलेली पिशवी बहुतेक वेळा खालूनच बाहेर काढतात. आत चिकटलेलं असेल, एन्डोमेट्रिओसिस म्हणजे पाळीचं अस्तर पिशवीबाहेर वाढलेलं असेल, अंडाशयावर सिस्ट म्हणजे पाण्याची गाठ असेल, तिथे दुर्बिणीला तोड नाही, कारण सगळं मोठं आणि स्वच्छ दिसतं. रक्त कमी जातं, एक-दोन दिवसांत घरी जाता येतं. पण पूर्ण भूल लागते. डोकं खाली, पाय वर अशा उतरत्या टेबलावर बराच वेळ राहावं लागतं, म्हणून हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असलेल्या बाईच्या बाबतीत भूलतज्ज्ञांचं मत आधी घ्यायचं. ऑपरेशननंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो. बाया घाबरतात, ‘पोटाचं ऑपरेशन नि खांदा का दुखतो?’ आतल्या गॅसमुळे दुखतो, आपोआप जातो.

दुर्बिणीची दुसरी बाजू जाहिरातीच्या फलकावर लिहिलेली नसते. किडनीकडून मूत्राशयाकडे लघवी नेणारी नळी पिशवीच्या मोठ्या रक्तवाहिनीच्या अगदी खालून जाते, रस्त्याच्या मोरीखालून नाला जावा तशी. कोणत्याही मार्गाने ऑपरेशन केलं तरी तिला धोका असतोच. दुर्बिणीत, विशेषतः हात नवखा असताना, या नळीची इजा आणि योनीच्या आतल्या टोकाचे टाके उसवण्याचा प्रकार थोडा जास्त आढळलाय. प्रमाण कमी आहे, पण ‘तुम्ही अशी किती ऑपरेशनं केलीत?’ हा प्रश्न विचारायला तेवढं कारण पुरेसं आहे. कधी अर्धं काम दुर्बिणीतून आणि उरलेलं खालून, असंही करतात. तोही चांगला पर्याय.

मोठी पिशवी तुकडे करून काढायची असेल तर ते तुकडे पोटात बंद थैलीत ठेवून काढणार का, ते विचारा. गाठीत न दिसलेला कॅन्सर असेल तर उघड्यावर तुकडे केल्याने तो पोटभर पसरू शकतो. याच कारणाने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये तुकडे करणाऱ्या यंत्राबद्दल इशारा दिला होता.

पोट उघडून केलेलं ऑपरेशन जुनं म्हणून वाईट ठरत नाही. ओटीपोटावर आडवा, बिकिनी लाइनचा छेद, किंवा पिशवी फार मोठी असेल तर उभा छेद. तीन ते पाच दिवस दवाखाना, घरी सहा ते आठ आठवडे. दुखतं जास्त, जखम पिकायची शक्यता जास्त, पुढे कधी छेदातून हर्निया येऊ शकतो. पण पाच महिन्यांच्या गरोदरपणाएवढी वाढलेली पिशवी, अंडाशयाच्या कॅन्सरचा संशय, अचानक सुटलेला रक्तस्राव, यात उघडं पोटच सुरक्षित. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबद्दल तर २०१८ च्या एका मोठ्या चाचणीने डॉक्टरांनाही चकित केलं. छोट्या छेदांनी केलेल्या बायांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण पोट उघडून केलेल्यांपेक्षा जास्त निघालं. म्हणून त्या कॅन्सरमध्ये कुणी पोट उघडायला सांगितलं तर ‘मागासलेले डॉक्टर’ म्हणून दुसरीकडे पळू नका.

रोबोटबद्दलही विचारणा होते. रोबोट स्वतः ऑपरेशन करत नाही, सर्जन बाजूला बसून त्याचे हात चालवतात. साध्या आजारात तो दुर्बिणीपेक्षा सरस ठरल्याचं दिसलेलं नाही, खर्च मात्र चढतो. त्यासाठी शेत गहाण टाकून मोठ्या शहरात जाण्याची गरज नाही.

सोनोग्राफीनंतर डॉक्टर ‘बारा आठवड्यांची पिशवी’ असं म्हणतात. बाया दचकतात, ‘मी कुठे गरोदर आहे?’ तो फक्त आकार असतो, तेवढ्या आठवड्यांच्या गरोदरपणात पिशवी जेवढी असते तेवढी. बारा आठवड्यांपर्यंतची पिशवी खालून काढणं सहसा जमतं, त्यापुढे हाताच्या कौशल्यावर. वीस आठवड्यांची म्हणजे बेंबीपर्यंत आलेली. तुमच्या रिपोर्टवरचा हा आकडा पाठ करून ठेवा.

आता डॉक्टरांसमोर बसल्यावर एकच वाक्य बोला : ‘माझं खालून का होणार नाही?’ उत्तर तुमच्या शरीराबद्दल असेल, म्हणजे गाठीचा आकार, चिकटलेलं, सिस्ट, तर ते खरं उत्तर. ‘आम्ही इथे दुर्बिणीचंच करतो’ किंवा ‘आम्ही पोटच उघडतो’ असं असेल, तर तेही प्रामाणिकच आहे, फक्त ते तुमच्या आजाराबद्दलचं उत्तर नाही. मग आणखी एक दार ठोठावून पाहायला हरकत नाही. पण एक लक्षात ठेवा, डॉक्टरांना न येणारा मार्ग त्यांच्याकडून हट्टाने करून घेऊ नका. ज्या मार्गात त्यांचा हात बसलेला आहे, तोच त्यांच्या हातून सर्वांत सुरक्षित असतो.

पायरी चौथी : अंडाशयांचा निर्णय वेगळा

हे लिहिताना माझी मोठी बहीण, आमची अक्का, डोळ्यांसमोर आहे. अडतिसाव्या वर्षी तिची पिशवी काढली. अंडाशयही काढले, हे तिला कुणी सांगितलं नाही. महिनाभरातच अंगाची लाही, झोप नाही, चिडचिड. घरच्यांना वाटलं, बाई नाटकं करते. पन्नाशीत साध्या पडण्यात मनगट मोडलं तेव्हा हाडं ठिसूळ झाल्याचं कळलं, आणि जुना कागद शोधून काढल्यावर अंडाशय गेल्याचं.

अंडाशय हार्मोन तयार करतात. पाळी जायच्या आधी ते काढले की शरीर एका दिवसात म्हातारपणात ढकललं जातं. हाडं, हृदय, झोप, नवरा-बायकोचे संबंध, सगळ्यावर परिणाम होतो. म्हणून पाळी चालू असलेल्या बाईचे निरोगी अंडाशय शक्यतो ठेवतात. अंडाशय आजारी असतील, किंवा आई-बहिणीला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर होता, तर गणित बदलतं. काढावेच लागले तर हार्मोन देता येतील का, ते तेव्हाच विचारा. नळ्या मात्र काढून टाकायला आता डॉक्टर सुचवतात, कारण अंडाशयाचे काही कॅन्सर मुळात नळीत सुरू होतात. नळ्या काढल्याने पाळी लवकर जाते, असं ठामपणे दिसलेलं नाही.

संमतीपत्रावर अंगठा किंवा सही करण्याआधी त्यावर ‘दोन्ही अंडाशय ठेवायचे’ किंवा ‘काढायचे’ असं मराठीत लिहून घ्या. मुख ठेवणार असतील तर पॅप स्मिअर पुढेही करत राहावं लागतं.

पायरी पाचवी : तारीख घेण्याआधी

हिमोग्लोबिन दहाच्या खाली असेल आणि घाई नसेल, तर आधी रक्त वाढवा. गोळ्यांना वेळ लागतो, शिरेतून देण्याच्या लोहाच्या इंजेक्शनने काही आठवड्यांत फरक पडतो. सातपुड्याच्या पट्ट्यातल्या, अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, शिरपूर, चोपड्याकडच्या बहिणींनी सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची, तपासणी झाल्याशिवाय टेबलावर जाऊ नये. भिल्ल, पावरा समाजात हा आजार आढळतो. सिकलसेलच्या बाईला थंडी, पाण्याची कमतरता किंवा ऑक्सिजनची कमी सोसत नाही, आणि ऑपरेशनमध्ये हे तिन्ही होऊ शकतं. भूलतज्ज्ञांना आधी माहीत असेल तर ते तिला उबदार ठेवतात, सलाइन चालू ठेवतात, रक्ताची सोय करतात.

विचारून ठेवा : भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हजर असतील का, रक्तपेढी किती लांब, आणि मध्येच पोट उघडावं लागलं तर तयारी आहे का. दुर्बिणीतून किंवा खालून सुरू करून मध्येच पोट उघडावं लागणं ही डॉक्टरांची चूक असतेच असं नाही, बऱ्याचदा तो शहाणपणा असतो.

पैशाचं म्हणाल तर जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. रांग असते, पण तिथे वरिष्ठ डॉक्टर, भूलतज्ज्ञ एकाच आवारात मिळतात. महात्मा फुले योजना आणि आयुष्मान कार्डासाठी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर रेशनकार्ड, आधार घेऊन जा, आणि तुमचं ऑपरेशन योजनेत कुठे बसतं ते त्यांच्याकडूनच पक्कं करा.

तारीख कुठली? आखाजीला माहेरी आलीच आहे तर उरकून घेऊ, असं आपल्याकडे होतं. माहेरी विश्रांती मिळते हे खरं, पण आपला मे महिना पंचेचाळिशीला टेकतो. घाम, उन्हाळी लागणं, पोटाच्या घडीतली जखम ओली राहणं, हे सगळं पोट उघडलेल्या बाईला जड जातं. थांबण्यासारखं असेल तर कापसाची वेचणी आटोपल्यावरची थंडी बरी. शेत रिकामं असतं, घरचेही हाताशी असतात.

पायरी सहावी : घरी आल्यावर

मार्ग कुठलाही असो, आतली जखम तेवढीच असते, कारण पिशवी तर सगळ्यांचीच काढलेली असते. खालून किंवा दुर्बिणीतून झालेली बाई आठव्या दिवशी बरी वाटते म्हणून हंडा उचलते आणि तिथेच चुकते. सहा आठवडे पाच किलोवर काही उचलायचं नाही. भरलेली बादली नाही, वेचणीची झोळी नाही, केळीचा घड तर नाहीच. नातवाला बसल्या जागी मांडीवर घ्या. पुरुषांनो, हे वाचत असाल तर पाण्याची जबाबदारी तुमची, आणि संबंधही सहा ते आठ आठवडे नाहीत, डॉक्टर तपासून हो म्हणेपर्यंत.

पडून मात्र राहू नका. दुसऱ्या दिवसापासून घरातल्या घरात चाला, नाहीतर पायात रक्ताची गुठळी होते. जोर लावून शौचाला बसायला लागू नये म्हणून पाणी भरपूर, मुगाची खिचडी, कढी, भाज्या. शेवभाजी आणि भरीत-पुरी महिनाभर थांबतील.

थोडं लालसर किंवा तपकिरी जाणं काही दिवस चालतं, आतले टाके विरघळताना. पण तासाला एक पॅड भिजत असेल, थंडी वाजून ताप असेल, घाण वास येत असेल, पिंढरी सुजून दुखत असेल, धाप लागत असेल, कुशीत कळा येत असतील, किंवा नकळत सतत लघवी गळत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. लघवी गळण्याची लाज वाटून बाया महिने काढतात. त्यावर इलाज आहे, सांगा.

काढलेल्या पिशवीचा तुकडा तपासायला पाठवतात, त्याचा रिपोर्ट साधारण आठ-दहा दिवसांनी येतो. कितीतरी रिपोर्ट कुणी न्यायला न आल्याने कपाटात पडून राहतात, तुमचा आणा आणि डॉक्टरांना दाखवा. डिस्चार्ज कार्डावर पिशवी, मुख, नळ्या, अंडाशय यांतलं काय काढलं आणि काय ठेवलं ते स्पष्ट लिहून घ्या. मग दोन्ही कागदांचा मोबाइलवर फोटो काढून लेकीला पाठवून ठेवा. अक्काचा कागद आम्हाला चौदा वर्षांनी सापडला, धान्याच्या कोठीमागच्या पत्र्याच्या पेटीत.